सपाट तळवा आणि भरतीचे मैदान

लष्कर किंवा पोलीस भरतीची जाहिरात निघाली की दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरची मुले पहाटे पुळणीवर धावू लागतात. बुरोंडी, लाडघर, कर्दे या पट्ट्यात ओहोटीला ओली वाळू मैदानासारखी घट्ट होते. या भागाला फौजेची ओढ जुनी. दापोलीला अजूनही ‘कॅम्प’ म्हणणारे लोक भेटतात, ते इंग्रजांच्या काळात तिथे वसलेल्या लष्करी पेन्शनरांमुळे. मात्र दर भरतीला यातल्या काही मुलांना धावण्याआधीच एक भीती पोखरत असते: आपला तळवा सपाट आहे. ओले पाऊल लादीवर उमटवून, मधली जागा कोरी राहते का ते पाहून, कुणीतरी निकाल देऊन मोकळे झालेले असते. मग खुराकाचे पैसे महागड्या इनसोलवर जातात. काही जण भरतीचा नादच सोडतात.

हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो.

पावलात २६ हाडे असतात आणि त्यांच्या दोन कमानी होतात. टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंतची लांब कमान सगळ्यांना माहीत असते. दुसरी आडवी, पावलाच्या रुंदीत असते, आणि तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. कोरी नोट एका टोकाला धरली तर ती खाली लवते. तीच रुंदीत किंचित पन्हळीसारखी वळवून धरली की ताठ उभी राहते. मधुसूदन वेंकटेशन, श्रेयस मंद्रे आणि महेश बंदी यांनी २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की पावलाच्या ताठपणाचा ४० टक्क्यांहून अधिक वाटा या आडव्या कमानीचा असतो. लादीवरच्या ओल्या ठशात ती दिसत नाही. ठसा पाहून पावलाची ताकद ठरवणे म्हणजे होडीचा रंग पाहून तिचे वल्हे जोखण्यासारखे आहे.

सपाट तळव्याने कामगिरी खरोखर घटते का? क्रोएशियात ११ ते १५ वर्षांच्या २१८ मुलांच्या १७ वेगवेगळ्या शारीरिक चाचण्या घेतल्या गेल्या. कमानीची उंची आणि कामगिरी यांचा उपयोगी म्हणावा असा संबंध सापडला नाही. हा अभ्यास २००९ चा. त्याआधी, १९९३ मध्ये, अमेरिकी पायदळाच्या २४६ प्रशिक्षणार्थींचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात सरावातल्या दुखापतींचा धोका सर्वांत सपाट पावलांच्या गटात सर्वांत कमी, तर उंच कमानीच्या गटात जास्त निघाला. याचे कारण समजण्यासारखे आहे. फार उंच कमानीचे पाऊल ताठ असते, जमिनीला कमी टेकते आणि धक्का नीट पचवत नाही. एका पायावर उभे राहण्याच्या चाचणीतही अशी पावले जास्त डगमगतात, असे आढळले आहे. तरी उंच कमानीची धास्ती गावात कुणी घेत नाही.

लष्कराचे निकषही लोक समजतात तितके सरसकट नाहीत. एनडीए आणि सीडीएस परीक्षांच्या जाहिरातींसोबत वैद्यकीय निकष छापलेले असतात. चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान दिसू लागत असेल, उमेदवार चवड्यांवर नीट धावू-उडू शकत असेल आणि पाऊल लवचिक, न दुखणारे असेल, तर त्याला पात्र धरावे असे त्यांत म्हटले आहे. अडचण येते ती कडक सपाट पावलाची, म्हणजे चवड्यांवर उभे राहूनही कमान न उमटणाऱ्या पावलाची. तिथे हाडांच्या डॉक्टरांकडे जायलाच हवे. इतर भरतींचे नियम त्या त्या जाहिरातीत वाचावेत; पण चवड्यांवर उभे राहून पाहायला दहा सेकंद लागतात आणि एक पैसाही लागत नाही. ज्याची कमान उमटते त्याने इनसोलऐवजी पोटरी आणि पायाच्या बोटांच्या व्यायामाला वेळ द्यावा. अग्निवीरांच्या मैदानी चाचणीत १.६ किलोमीटर धावण्याबरोबर नागमोडी अरुंद फळीवरून तोल सांभाळत चालणेही असते. त्या फळीवर कामाला येतात ती बोटांची पकड आणि घोट्याची चपळाई.

तोल तीन ठिकाणांहून सांभाळला जातो: डोळे, आतला कान आणि पावलांची जाण. अंधारात हलत्या होडीवर जाळे ओढणाऱ्या खलाशाला डोळ्यांची मदत कमीच मिळते. तो उभा असतो तळव्याला कळणाऱ्या दाबाच्या भरवशावर. अनवाणी चालून घट्टे पडलेल्या तळव्यांची जाण बोथट होत असेल असे वाटते, पण केनियात झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जाड घट्ट्यांमुळे चालतानाची संवेदना कमी झाल्याचे दिसले नाही. याच पश्चिम किनाऱ्यावर, खाली मणिपालच्या डॉक्टरांनी २,३०० मुलांचे ठसे घेतले होते. १९९२ च्या त्या अहवालात बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत २.८ टक्के होते. लहानपणी वाळूत खेळू द्यावे, एवढाच याचा अर्थ. पावसाळ्यात चिखलात अनवाणी उतरणे हे कोकणात लेप्टोस्पायरोसिसला आमंत्रण असते, आणि मधुमेह असलेल्याने तर घरातही अनवाणी फिरू नये.

खरी काळजी आहे ती या मधुमेहींची आणि म्हाताऱ्यांची. भरतीच्या मुलांच्या तळव्यांची जितकी चर्चा होते, तितकी डोक्यावर पाटी घेऊन आयुष्यभर घाटी चढलेल्या मावशीच्या पावलांची होत नाही. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पावलांच्या नसा मरतात. जमीन पायाला कळेनाशी होते आणि पायरी चुकते. ऑस्ट्रेलियात साठीपुढच्या ३१२ जणांवर वर्षभर लक्ष ठेवले, तेव्हा पडलेल्यांच्या पायाच्या बोटांत न पडलेल्यांपेक्षा ताकद कमी होती, अंगठे वाकडे झालेलेही जास्त होते. तिथल्याच ३०५ वृद्धांच्या दुसऱ्या अभ्यासात पाऊल-घोट्याचे व्यायाम, योग्य पादत्राणे आणि इनसोल यांनी पडण्याचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. इनसोलला जागा आहे, ती इथे. धडधाकट पोराच्या बुटात नव्हे.

जाण तपासायला उपकरण लागत नाही. माणसाला डोळे मिटायला सांगावे. दोन्ही पायांचे अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांना आपल्या बोटाच्या टोकाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर नसांची जाण कमी झाली आहे असे धरून दवाखाना गाठावा. तिशीपुढच्या लोकांच्या मधुमेह तपासणीसाठी आशाताई घरोघरी जातातच. जूनमध्ये मासेमारी बंद झाली, होड्या किनाऱ्यावर ओढल्या, की बुरोंडीसारख्या गावात पुरुषमंडळीही घरी सापडतात. त्याच फेरीत दोन मिनिटे पायांना दिली तर वेगळा खर्च नाही.