जुन्या गाडीची नवी वही

मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. आधी ते ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले, सीटबेल्ट धरला आणि ओढत ओढत पार शेवटपर्यंत बाहेर काढला. रोजच्या वापरात जेवढा पट्टा कधी बाहेर येत नाही, त्यावरून बोट फिरवलं, बोट उन्हात धरून पाहिलं. “गाळ न्हाई,” म्हणाले, आणि मग पायाखालचं कार्पेट उचलायला लागले.

गाडी सांगलीची, 2012 सालची. व्यवहार ठरण्याआधी मी मिस्त्रींना कराडहून मुद्दाम सोबत नेलं होतं. त्या गाडीच्या आयुष्यात 2019 चा महापूर येऊन गेला होता, 2021 चाही. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते, सीट बदलता येतात. पण पट्ट्याच्या आतल्या गुंडाळीत शिरलेला गाळ सहसा कुणी काढत नाही. गाडी कोरडी निघाली. 1 लाख 85 हजारांना ठरली.

घरी आणल्यावर पहिला सल्ला मिळाला तो सीट कव्हरचा. दुसरा मोठ्या स्क्रीनच्या म्युझिक सिस्टीमचा. मिस्त्रींचं म्हणणं वेगळं होतं: “पळायचं काय, ती पळंलच. थांबली पाहिजे. आधी ब्रेक.”

त्यांनी ब्रेक ऑईलच्या डबीतून थोडं ऑईल काचेच्या बाटलीत काढलं आणि शेजारी नवं ओतून ठेवलं. नवं मधासारखं स्वच्छ. जुनं कोरा चहा. रंगावरून सगळं कळत नाही, खरी गोष्ट तर डोळ्यांना दिसतच नाही: हे ऑईल हवेतली ओल शोषून घेतं. गाडी चालवा किंवा नुसती दारात उभी ठेवा, ओल शिरतच राहते. डॉट 4 जातीचं नवं ऑईल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मिसळलं की ही मर्यादा 155 अंशांच्या आसपास खाली येऊ शकते. सपाट रस्त्यावर याचा पत्ताही लागत नाही. पण आमचं जाणं-येणं चिपळूणला, आई तिथे राहते. म्हणजे कुंभार्ली घाट आला. उतारावर ब्रेक सतत दाबला की डिस्क तापते, तापलेल्या ऑईलमधल्या पाण्याची वाफ होते. द्रव दाबला की जोर पुढे चाकापर्यंत जातो. वाफ मात्र नुसतीच दबते. पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही.

साधारण दोन वर्षांनी बदलायचं हे ऑईल शेवटचं कधी बदललं, याची कुठेही नोंद नव्हती. चारी चाकांमधून जुनं काढून नवं भरलं, पुढचे पॅड आणि मागचे शू उघडून पाहिले. या कामाला फार पैसे लागत नाहीत. तरीही जुनी गाडी घेतलेल्या दहा जणांना विचारा, किती जणांनी हे केलंय. मला काळजी वाटते ती त्याची.

“कधी बदललं?” हा प्रश्न नंतर प्रत्येक भागाला विचारला आणि जवळजवळ प्रत्येक वेळी उत्तर मिळालं नाही. सर्व्हिस बुकात पहिल्या पाच वर्षांचे शिक्के होते, पुढची पानं कोरी. मीटरवर 68 हजार किलोमीटर. मिस्त्रींनी ब्रेक पेडलचं झिजलेलं रबर दाखवून “जरा जास्तच असंल” एवढंच म्हटलं. माहिती नाही म्हणजे काम झालेलं नाही, असं धरून चालायचं आम्ही ठरवलं. मी शंभर पानी वही आणली आणि पहिल्या पानावर तारीख घातली.

सर्वांत मोठी धाकधूक टायमिंग बेल्टची होती. सगळ्याच गाड्यांना हा रबरी पट्टा नसतो, काहींना लोखंडी चेन असते. आपल्या गाडीत काय आहे हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. पिस्टनची वरखाली आणि व्हॉल्व्हची उघडझाप यांचा ताल हा पट्टा राखतो. बऱ्याच इंजिनांत या दोघांच्या वाटा एकमेकींना छेदतात. ताल असेपर्यंत ते एकमेकांना शिवत नाहीत. पट्टा धावत्या गाडीत तुटला, की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनाचं हेड उतरवावं लागतं. ब्रेकचे पॅड करकरून सांगतात, क्लच घसरून सांगतो. हा पट्टा बहुतेक वेळा काहीही न सांगता जातो. शिवाय रबर नुसत्या वयानेही कडक होतं, म्हणून कंपन्यांच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्ही मर्यादा दिलेल्या असतात. “रनिंग कमी आहे” या समाधानाचा इथे उपयोग नाही. आमचा पट्टा निघाला तेव्हा आतल्या बाजूला दातांच्या मुळाशी बारीक तडे होते. सोबत टेन्शनरही बदलला. काही इंजिनांत पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर फिरतो, तेव्हा तोही त्याच वेळी बदलून टाकणं शहाणपणाचं. नाहीतर तीच उघडझाक पुन्हा करावी लागते.

कूलंटच्या टाकीत हिरवा रंग नावापुरता होता, बाकी पाणी. “आपल्याकडे कुठं बर्फ पडतो?” असं म्हणून लोक नळाचं, कधी बोअरचं पाणी ओततात. कूलंट गोठण्यापासून वाचवतं हे खरं, पण आपल्याला त्याचे दुसरे दोन गुण हवे असतात: ते उशिरा उकळतं आणि आतल्या धातूला गंज चढू देत नाही. बोअरच्या पाण्याने अंघोळीच्या बंबात क्षाराचा थर जमतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जमतो आणि मग उन्हाळ्यात चढावर काटा वर सरकू लागतो. सगळं काढून, आतून धुऊन, शुद्ध पाण्यात मिसळलेलं नवं कूलंट भरलं. जुने फुगलेले दोन पाईपही बदलले. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नये, हे माझ्या मुलाला मी त्याच दिवशी शिकवलं.

इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर आणि एअर फिल्टर यांबद्दल सगळ्यांनाच माहीत असतं, ते केलं. ऑईलच्या झाकणाखाली साईसारखा पांढरट थर नाही हे पाहून मिस्त्रींना बरं वाटलं, कारण तो दाट असेल तर ऑईलमध्ये पाणी मिसळत असल्याची शंका घ्यावी लागते. एसीचा फिल्टर बाहेर आला तो उंदराच्या घरट्यासकट. वायरी मात्र शाबूत होत्या.

टायरचं मला स्वतःला वाईट वाटलं. नक्षी छान शिल्लक होती, विकणाऱ्यांनी कौतुकाने दाखवलीही होती. कायद्याच्या 1.6 मिलिमीटरच्या खुणेपेक्षा ती बरीच वर होती. पण टायरच्या कडेला लांबट चौकटीत चार आकडे असतात, ते वाचायला मी तोवर शिकलो नव्हतो. 3616. म्हणजे 2016 सालचा 36 वा आठवडा. कडेला नखाने उकरावं असे तडे. स्टेपनी तर 0912 ची, गाडीइतकीच जुनी, जमिनीला कधी न लागलेली आणि तरीही बाद. पावसाळा तोंडावर होता. ओल्या घाटात कडक झालेलं रबर रस्ता धरत नाही, म्हणून पाचही टायर घेतले. खर्चातला सर्वांत मोठा आकडा हाच. बॅटरी बंद गाडीत 12.6 व्होल्ट आणि चालू इंजिनावर 14.2 दाखवत होती, ती तशीच ठेवली.

पहिल्या महिन्याचा हिशेब 34 हजारांच्या घरात गेला. गाडीच्या किमतीच्या जवळजवळ पाचवा हिस्सा. जुनी गाडी घेणाऱ्याने ही रक्कम किमतीतच धरावी, आणि तेवढी शिल्लक नसेल तर थोडी स्वस्त गाडी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. विम्याचंही तेच. पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायला कायद्याने 14 दिवस दिलेत, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही. तो फरक भरावा लागतो. 2027 ला गाडीला 15 वर्षं होतील, तेव्हा पुन्हा पासिंग. तीही तारीख वहीत आहे.

वहीचं पहिलं पान भरल्यावर मी सांगलीला फोन लावला. आधीचे मालक निवृत्त गृहस्थ. टायमिंग बेल्ट कधी बदलला होता, एवढंच विचारायचं होतं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की त्यांना हा पट्टा असतो हेच ठाऊक नव्हतं. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “मागची डावीकडची काच अजून अडकते का हो?”

अडकत होती. मी तसं सांगितलं.

“तिथं ग्रीस लावू देऊ नका, धूळ धरतं. सिलिकॉन स्प्रे मारा रबराच्या खाचेत, पावसाळ्याआधी एकदा.”

मी फोन खांद्याने कानाशी धरला आणि वहीत लिहून घेतलं.