‘एक घास आणि कर्करोग?’ थायलंडच्या ‘कोई प्ला’बद्दल खरे काय, अतिरंजित काय

ही पोस्ट तुमच्याही मोबाइलवर येऊन गेली असेल. एका ताटलीत बारीक चिरलेला कच्चा मासा, वर पुदिना आणि लाल मिरची. खाली ठळक अक्षरांत लिहिलेले, ‘जगातील सर्वांत घातक पदार्थ, दरवर्षी 20 हजार बळी, एका घासाने कर्करोग’. फॅमिली ग्रुपवर ती दर काही महिन्यांनी नव्याने फिरते. थायलंडला जाऊन आलेले किंवा जाणार असलेले रुग्ण ती माझ्यासमोर धरतात आणि विचारतात, “डॉक्टर, हे खरे आहे का?”

या पोस्टमागचा आजार खरा आहे आणि गंभीर आहे. पण पोस्टमध्ये तो ज्या पद्धतीने सांगितला आहे त्यातून भीती तेवढी मिळते, उपयोगाचे काही हाती लागत नाही.

पदार्थाचे नाव ‘कोई प्ला’. थायलंडच्या ईशान्य भागाला ईसान म्हणतात. देशाची जवळपास एक तृतीयांश लोकसंख्या तिथे राहते. चिकट भात, भातशेती आणि मेकाँगला मिळणाऱ्या नद्यांचा हा प्रदेश. शेतातल्या पाण्यात, तळ्यात, ओढ्यात छोटे गोड्या पाण्यातले मासे मुबलक. ते पकडायचे, तिथेच बारीक चिरायचे, लिंबू पिळायचे, मिरची, भाजलेल्या तांदळाची पूड, पुदिना, कांद्याची पात घालायची, कधी लाल मुंग्यांची अंडीही, आणि चिकट भाताबरोबर खायचे. शेतावर चूल पेटवायची गरज नाही. पिढ्यान्‌पिढ्या हेच जेवण, आणि चार पुरुष दारू घेऊन बसले की हाच चखणा. थायलंडच्या शेजारी लाओसमध्येही असेच पदार्थ खाल्ले जातात.

या माशांपैकी बऱ्याच जातींच्या मांसात एका चपट्या जंताची पिल्ले कोषात बसलेली असतात. जंताचे नाव ऑपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी. सोप्या भाषेत लिव्हर फ्लूक. कोष पाव मिलीमीटरपेक्षाही लहान, त्यामुळे मासा कितीही ताजा असला, कितीही नीट धुतला, तरी तो डोळ्यांना दिसत नाही.

लिंबाने मासा ‘शिजतो’ का?

हा गैरसमज ईसानमध्ये फार जुना आहे, आणि आपल्याकडेही थोडाफार आहेच. तुम्ही सुरमईच्या तुकड्यांना मीठ, लिंबू किंवा कोकमाचे आगळ लावून ठेवता तेव्हा काही वेळाने मांस पांढुरके आणि घट्ट होते. आम्लामुळे प्रथिनांची रचना बदलते, म्हणून मासा शिजल्यासारखा दिसतो. आपण तो नंतर तव्यावर टाकतो. कोई प्ला मात्र तिथेच थांबते.

आता जंताच्या बाजूने विचार करा. त्याच्या कोषाचे कवच मुळात माणसाच्या जठरातून सुखरूप पार पडण्यासाठी बनलेले आहे. जठरातले आम्ल लिंबाच्या रसापेक्षा तीव्र असते. ते ज्याला मारू शकत नाही त्याला ताटलीतले लिंबू काय करणार? मिरचीचेही तेच, आणि सोबतच्या दारूचेही तेच. “दारू प्यायली की जंत मरतात” हे वाक्य मी इथल्या रुग्णांकडूनही ऐकले आहे. ते थायलंडमध्येही खरे नाही.

जठर ओलांडल्यावर लहान आतड्याच्या सुरुवातीला पिल्लू कोषातून बाहेर येते. पित्त जिथे आतड्यात उतरते त्या छिद्रातून ते उलट्या दिशेने वर सरकते आणि यकृतातल्या बारीक पित्तनलिकांत मुक्काम करते. सुमारे 4 आठवड्यांत अंडी घालू लागते. तिथे ते 10 वर्षे किंवा त्याहूनही जास्त जगू शकते. अंडी शौचावाटे बाहेर पडतात. उघड्यावर किंवा गळक्या शौचखड्ड्यातून ती पाण्यात गेली की विशिष्ट जातीच्या गोगलगायी ती गिळतात, गोगलगायीतून पिल्ले माशांत शिरतात, आणि मासे पुन्हा ताटात येतात. मांजर-कुत्र्यांनाही हा जंत होतो, त्यामुळे सगळ्या माणसांना औषध दिले तरी चक्र पूर्ण तुटत नाही.

जंतापासून कर्करोग कसा?

इथे पोस्टमधला ‘एक घास’ बाजूला ठेवावा लागेल. एका घासातून संसर्ग होऊ शकतो, हे बरोबर. कर्करोग मात्र एका घासाने होत नाही. वारंवार संसर्ग, शेकडो जंत, आणि 20-30 वर्षांची सततची सूज, असा तो प्रवास असतो. जंत आपल्या चोषकांनी नलिकेच्या आतल्या अस्तराला जखमा करतो. त्याच्या शरीरातून स्रवणारी काही प्रथिने पेशींना वाढायला उत्तेजन देतात. त्यातल्या ग्रॅन्युलिन नावाच्या प्रथिनाचा बराच अभ्यास झाला आहे. जखम, भरणे, पुन्हा जखम, असे वर्षानुवर्षे चालू राहिले की नलिकांभोवती तंतुमय जाड थर तयार होतो आणि काही जणांत पेशींची वाढ ताबा सोडते. आंबवलेल्या आणि खारवलेल्या पदार्थांतून मिळणाऱ्या नायट्रोसामीन प्रकारच्या रसायनांचाही यात हातभार लागतो, असे मानले जाते.

या कर्करोगाचे नाव कोलँजिओकार्सिनोमा, म्हणजे पित्तनलिकेचा कर्करोग. जगभरात तो तुलनेने दुर्मीळ. ईसानमधल्या खोन केन प्रांतात मात्र त्याचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक नोंदींपैकी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्ये या जंताला गट 1 मध्ये टाकले, म्हणजे ‘माणसात कर्करोग घडवणारा हे सिद्ध झालेला’. तंबाखूही याच गटात आहे. पण गट 1 म्हणजे पुराव्याची खात्री, धोक्याची मोजपट्टी नव्हे. संसर्ग झालेल्या बहुतेकांना हा कर्करोग कधीच होत नाही.

मग ‘20 हजार बळी’? हा आकडा बातम्यांतून येतो, तो थायलंडमधल्या या कर्करोगाच्या एकूण मृत्यूंचा वरचा अंदाज म्हणून. तो एका पदार्थाच्या नावावर लावला की वाचणाऱ्याला वाटते, लोक ताटावरच कोसळत आहेत. प्रत्यक्षात आज दगावणारा माणूस 1980-90 च्या दशकात जे खात होता त्याची किंमत मोजत असतो.

आणि म्हणूनच हा आजार अवघड आहे. जंत पोटात असताना बहुतेकांना काहीही होत नाही. पोट दुखत नाही, ताप येत नाही. कर्करोगही बराच काळ गप्प असतो. कावीळ दिसते, अंगाला खाज सुटते, वजन उतरते, तोवर अनेकदा शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते.

थायलंडने काय केले, आणि कुठे अडले

“इतके माहीत असूनही लोक खातात कसे?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्याच्या खिशात कधी कधी तंबाखूची पुडी असते. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 मध्ये आली. तोंडाच्या कर्करोगाची चित्रे पाकिटावर छापलेली असतात. तरी काय चालते ते तुम्ही रोज पाहता. सवय, चव, सोबत आणि ‘आमच्या आजोबांना काही झाले नाही’ हे उत्तर दोन्हीकडे सारखेच.

थायलंड गप्प बसलेला नाही. तिथल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 1980-81 मध्ये ईसानमधल्या 34.6 टक्के लोकांत हा जंत आढळला होता. 2009 मध्ये तो आकडा 16.6 टक्के झाला. प्राझिक्वान्टेल नावाची गोळी 1980 च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. वजनाच्या प्रत्येक किलोला 40 मिलिग्रॅम असा एकच डोस, आणि बहुतेकांत जंत जातात. औषध चांगले आहे. अडचण औषध घेतल्यावरच्या जेवणात आहे. गोळी मिळते म्हटल्यावर “आधी खाऊ, मग गोळी घेऊ” असा हिशोब काही लोक करू लागले. महिन्याभरात पुन्हा संसर्ग, पुन्हा सूज. पुन्हा पुन्हा गोळी घेणाऱ्यांत कर्करोगाचा धोका जास्त दिसतो, असे काही अभ्यासांत आढळले आहे. माझ्या मते याचा दोष गोळीला देणे घाईचे ठरेल. जो पुन्हा पुन्हा गोळी घेतो तो पुन्हा पुन्हा कच्चा मासा खाल्लेला असतो.

खोन केनजवळच्या लावा तलावाभोवतीच्या गावांत खोन केन विद्यापीठाच्या गटाने वेगळी वाट धरली. नुसती गोळी न देता घरोघरी समजावणे, शाळेत मुलांना शिकवणे, मासे, गोगलगायी आणि मांजर-कुत्री तपासणे, गावच्या आरोग्यसेवकांना सोबत घेणे. संसर्ग 60 टक्क्यांच्या आसपास होता, तो काही वर्षांत 10 टक्क्यांच्या खाली आला. मला यात सर्वांत महत्त्वाचा भाग शाळेचा वाटतो. साठीच्या माणसाची चव बदलणे कठीण. आठ वर्षांच्या मुलाला ती लागूच न देणे त्या मानाने शक्य.

ज्यांच्या शरीरात वीस-तीस वर्षांची सूज आधीच साचली आहे त्यांच्यासाठी 2013 पासून त्याच विद्यापीठाचा तपासणी कार्यक्रम चालू आहे. त्यात पुढे असलेले यकृताचे शल्यविशारद डॉ. नारोंग खुंतिकेओ स्वतः ईसानचे. त्यांचे आई आणि वडील दोघेही याच कर्करोगाने गेले. त्यांचे पथक सोनोग्राफीचे यंत्र घेऊन गावोगाव जाते. कारण लवकर सापडलेली गाठ कापून काढता येते, उशिरा सापडलेली नाही, इतका साधा हा फरक आहे.

थायलंडने 2016 ते 2025 हे दशक या जंताच्या आणि कर्करोगाच्या निर्मूलनासाठी ठरवले होते. संसर्ग कमी होण्याच्या बाबतीत प्रगती स्पष्ट आहे. पण संसर्ग आज कमी झाला तरी त्याचा परिणाम कर्करोगाच्या आकड्यांत दिसायला आणखी 20-25 वर्षे जातात. या मधल्या काळात ‘इतके पैसे खर्चून मृत्यू कमी का होत नाहीत’ असा प्रश्न उठतो आणि निधी आटण्याची भीती असते. दशकाची मुदत संपली म्हणून सोनोग्राफीची पथके थांबली, तर नुकसान नेमके त्या पिढीचे होईल जिने सर्वांत जास्त कच्चा मासा खाल्ला आहे.

तुम्ही जात असाल तर

नोव्हेंबर 2023 मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश दिला आणि 2024 मध्ये 20 लाखांहून जास्त भारतीय तिथे गेले. मुंबई-पुण्याहून जाणारे बहुतेक बँकॉक, पट्टाया, फुकेत इथे जातात, तिथे कोई प्ला समोर येण्याची शक्यता कमी. पण ईसानी जेवणाची ठिकाणे बँकॉकमध्येही भरपूर आहेत, आणि ‘स्थानिक चव’ दाखवणारे व्हिडिओ बघून तिथे मुद्दाम जाणारेही आहेत. दोन थाई शब्द लक्षात ठेवा: ‘दिप’ म्हणजे कच्चे, ‘सुक’ म्हणजे शिजलेले. हाच पदार्थ शिजवून मागता येतो आणि तो चवीला वाईट नसतो.

पपईच्या कोशिंबिरीत, म्हणजे सोम तामात, ‘प्ला रा’ हा आंबवलेला मासा घालतात. तो भरपूर मिठात कित्येक महिने मुरलेला असेल तर हे जंत त्यात टिकत नाहीत. काही दिवसच आंबवलेल्या ‘प्ला सोम’ला ही खात्री लागू नाही. उकळलेला प्ला रा सर्वांत बरा. त्याच कोशिंबिरीत कधी खारवलेला कच्चा खेकडा असतो, तो टाळाच. कच्च्या खेकड्यातून फुप्फुसाचा फ्लूक होतो, आणि तो तर आपल्या मणिपूर, नागालँडमध्येही आहे. तिथल्या काही रुग्णांना रक्त पडणारा खोकला पाहून क्षयाची औषधे दिली गेल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत.

धोका फक्त जंतांचा नाही. 2015 मध्ये सिंगापूरमध्ये कच्च्या गोड्या पाण्यातल्या माशातून एका स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूची साथ आली. धडधाकट माणसांनाही रक्तात जंतुसंसर्ग आणि मेंदूज्वर झाला. त्या वर्षाअखेर तिथल्या सरकारने खाद्यगृहांत असे पदार्थ विकायला बंदी केली.

“मग सुशीचे काय?” लिव्हर फ्लूक गोड्या पाण्यातल्या माशांतून येतो. सुशीत बहुधा समुद्री मासा असतो. त्यात वेगळे जंत असू शकतात, पण उणे 20 अंशांवर 7 दिवस गोठवल्यास ते मरतात आणि चांगली हॉटेले असाच मासा वापरतात. घरच्या फ्रीजरवर मात्र विसंबू नका, त्याचे तापमान सतत तेवढे खाली राहीलच असे नाही.

कच्चा मासा खाऊन झालाच असेल तर घाबरून दुसऱ्याच दिवशी शौचाची तपासणी करू नका. अंडी दिसायला सुमारे महिना लागतो. मेडिकलमधून अल्बेंडॅझोलची नेहमीची जंताची एक गोळी घेऊन निश्चिंतही होऊ नका. त्या एका गोळीवर हा जंत जाईल असा भरवसा नाही. महिन्याभराने डॉक्टरांकडे जा, काय खाल्ले ते नीट सांगा, तपासणी करून घ्या आणि गरज असेल तर प्राझिक्वान्टेल त्यांच्या सल्ल्यानेच घ्या. एकदा खाल्ले आणि वेळेत औषध झाले, तर कर्करोगाच्या भीतीने झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

ईसानमध्ये किंवा लाओसमध्ये कामानिमित्त अनेक वर्षे राहिलेल्या आणि तिथले जेवण नेहमी जेवलेल्या माणसाने मात्र पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. आणि कधीही डोळे पिवळे झाले, लघवी गडद, शौच पांढुरके, अंगाला खाज अशी लक्षणे दिसली, तर गावात कावीळ ‘उतरवून’ देणाऱ्याकडे दोन आठवडे घालवू नका. थेट डॉक्टरांकडे जा आणि त्यांनी विचारले नाही तरी तुम्ही कुठे राहिला होतात ते सांगा. मुंबई-पुण्यातला डॉक्टर काविळीच्या रुग्णाला ‘तुम्ही कच्चा मासा खाल्ला होता का’ असे सहसा विचारत नाही.