टॅपेट वाजू द्या की!

मंडळी, या शनिवारी जरा भांडायचं आहे. कोणाशी? "काय हात आहे त्याचा, नुसत्या कानावर टॅपेट सेट करतो!" असं कौतुकाने सांगणाऱ्या प्रत्येकाशी. म्हणजे गेल्या पावसाळ्यापर्यंतच्या माझ्याशीसुद्धा.

बाबा सुरगाणा तालुक्यात आश्रमशाळेवर शिक्षक. त्यांची स्प्लेंडर २००८ ची, हिरो आणि होंडा एकत्र नांदत होते तेव्हाची. आपल्यासाठी बाईक म्हणजे वीकेंडची हौस. तिकडे सगळा चढउतार, पाऊस धो धो, आणि एसटी चुकली तर पुढची कधी हे विचारायचं नसतं. गाडी बंद म्हणजे वर्ग बंद.

गाडीच्या हेडमधून खडखड यायला लागली. कॅम झिजला होता. मी पुण्यात बसून फोनवर शहाणपणा केला, "बाबा, नाशिकला नेऊ, चांगल्या ठिकाणी." नेली. नवा कॅमशाफ्ट, नवे रॉकर, सकाळी टाकली आणि संध्याकाळी हातात. मेकॅनिकने चालू इंजिनला कान लावला, स्क्रू थोडा पिळला, आवाज गायब! मी इतका खूश की वर शंभर रुपये चहापाण्याला दिले. (हे आठवलं की अजून लाज वाटते.)

तीन आठवड्यांत गाडी तापली की बंद पडायला लागली. गार झाली की चालू. मग एके दिवशी भर पावसात चढावर बसलीच. किक मारावी तर पाय नुसता रिकामा खाली. सुरगाण्याच्या मेकॅनिकने हेड खोललं आणि एक्झॉस्टचा वॉल्व्ह बाबांच्या हातात ठेवला. कड जळून कुरतडलेली. "गुरुजी, टॅपेट आवळून ठेवलं होतं."

आता यात झालं काय? रॉकर आणि वॉल्व्हच्या दांड्यामध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. वॉल्व्ह तापून लांबतो, त्याला ती जागा हवी. फट नसेल तर वॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. आणि एक्झॉस्ट वॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटवाटेच हेडमध्ये जाते. बसलाच नाही तर ती जाणार कुठे? वर जळता गॅस त्याच फटीतून निसटतो. कॉम्प्रेशन जातं, कड जळते. आणि हे सगळं अगदी शांतपणे होतं बरं का! सैल टॅपेट कटकट करतं, थोडं पिकअप खातं, पण निदान ओरडून सांगतं. आवळलेलं टॅपेट गोड बोलून गळा कापतं.

नवा कॅम टाकला की जुनं सेटिंग रद्द. फट मोजतात ती रॉकर कॅमच्या गोल पाठीवर असताना, आणि नव्या कॅमची पाठ जुन्याइतकीच असेल याची खात्री नाही. त्यात रॉकरही नवे. आपण लायब्ररीचं व्हर्जन बदललं आणि एकही टेस्ट न चालवता शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला ढकललं, तर लीड आपल्याला कच्चा खाईल. इथे मात्र आपण टिप देतो.

बरं, योग्य पद्धत काही रॉकेट सायन्स नाही. इंजिन पूर्ण गार हवं. फ्लायव्हीलवरची 'टी' खूण जुळवायची. पण ती प्रत्येक फेरीला येते आणि कॅम दोन फेऱ्यांत एकदा फिरतो, म्हणून दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतायत ना, ते बघायचं. हलत नसतील तर अजून एक फेरी. मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाची फिलर गेजची पाती फटीत घालायची, किंचित अडत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं. नवे भाग एकमेकांवर बसले की काहीशे किलोमीटरनंतर परत एकदा. फिलर गेज पिझ्झापेक्षा स्वस्त मिळतं हो!

कानवाल्यांची एक बाजू खरी आहे, ती सांगतो. स्क्रूचं टोक झिजून खड्डा पडला असेल तर पाती त्या खड्ड्यावरून पूल बांधते आणि गेज खोटं बोलतं. तिथे अनुभवी कान जिंकतो. पण आमच्या गाडीत तर सगळे भाग नवे होते!

आणि त्या नाशिकच्या मेकॅनिकला तरी किती शिव्या घालू? इंजिन गार व्हायला काही तास लागतात, आणि समोर माझ्यासारखं गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं. त्याला ठाऊक आहे की आपण पैसे शांततेचे देतो, मापाचे नाही. जो प्रामाणिकपणे बरोबर फट ठेवतो त्याच्याकडे आपणच परत जातो, "दादा, आवाज येतोय अजून." दुसऱ्यांदा गेलो की तो बिचारा आवळून टाकतो. पुढच्या वेळी कॅम बदलाल तेव्हा गाडी रात्रभर तिथेच ठेवा. सकाळी विचारा, "किती ठेवलंय?" आकडा नाही सांगितला तर किल्ली घेऊ नका.

सुरगाण्याच्या मेकॅनिकने गाडी दोन दिवस ठेवून घेतली. मागच्या महिन्यात घरी गेलो तेव्हा पहाटे अंगणात बसून मीच टॅपेट तपासलं. एक्झॉस्टची पाती जरा ढिली गेली, पाव फेरीहून कमीच पिळावं लागलं. बाबांनी किक मारली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "अरे, थोडी टिकटिक येतेय."

"येऊ द्या," म्हटलं.