जाणाऱ्यांनी आणि राहणाऱ्यांनी

दर दोन-चार महिन्यांनी मित्रांच्या ग्रुपवर विमानतळावरचा एक फोटो येतो. खाली ‘मुबारक हो’ची रांग लागते. मग रात्री उशिरा एखादा मित्र वेगळा मेसेज करतो, “आपणही निघावे का रे?” आपल्या मासिकाच्या वाचकांपैकी अनेकांना आज हा प्रश्न पडला आहे. तो भावनेवर सोडून देण्यासारखा नाही.

परदेश आपल्याला नवा नाही. कोकणातले मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर नोकरी करत आले. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकातच पोहोचले होते. 1973 नंतर तेलाचे भाव वाढले आणि रत्नागिरी-रायगडच्या गावांतून आखाताची वाट सुरू झाली. त्या पैशावर घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, शाळांच्या इमारती झाल्या. आजोबा बोटीवर, वडील सौदीत आणि मुलगा जर्मन भाषेच्या क्लासला, अशी घरे आज सहज सापडतात.

जाण्याचे पहिले कारण साधे आहे. पदवी आहे पण नोकरी नाही, नोकरी आहे पण पगारात घर चालत नाही. ही अडचण सगळ्याच तरुणांची आहे. दुसरे कारण आपल्याकडे हळू आवाजात सांगितले जाते: फोनवर ठरलेली भाड्याची खोली नाव सांगताच ‘गेली’ असे कळते, मुलाखतीत कामाऐवजी भलतेच विचारले जाते. ज्याला हे वारंवार सोसावे लागले त्याने निघायचे ठरवले, तर त्याला पळपुटा म्हणण्याचा हक्क कोणाला नाही. आणि ‘मग जाच इथून’ असे म्हणण्याचा हक्क तर त्याहून नाही.

मात्र जाताना डोळे उघडे असावेत. आखाताबद्दल एक समज अजून टिकून आहे की तो आपल्या माणसांचा मुलूख आहे, तिथे अजान ऐकू येते, हलालची चिंता नाही. हे खरे आहे. पण नमाजेत खांद्याला खांदा लावून उभा राहणारा कफील कागदावर सही करताना मालकच असतो. तीस वर्षे राबूनही इकामा संपला की परत यावे लागते. तिथे जन्मलेल्या मुलांना नागरिकत्व मिळत नाही. सौदी अरेबियाने 2017 पासून परदेशी कामगारांच्या कुटुंबीयांवर दरमहा शुल्क लावले, तेव्हा अनेकांना बायका-मुले गावी पाठवावी लागली. कतारने 2020 मध्ये आणि सौदीने 2021 मध्ये नोकरी बदलण्याचे नियम काहीसे सैल केले, ही चांगली गोष्ट. पण धर्म एक असला म्हणून हक्क आपोआप मिळत नाहीत, हा धडा आखात पन्नास वर्षे शिकवत आहे.

पश्चिमेकडचे दरवाजेही अरुंद होत आहेत. कॅनडाने 2024 मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. ब्रिटनने त्याच वर्षापासून बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत आणणे बंद केले. तरीही तिथे गेलेला मित्र सांगतो, “इथे निदान तक्रार करता येते.” या वाक्यावर थांबायला हवे. ब्रिटनमध्ये 2010 चा समानता कायदा आहे. धर्म पाहून घर किंवा नोकरी नाकारणे त्या कायद्याने गुन्ह्यासारखेच महागात पडू शकते. वर्णद्वेष तिथेही आहे, पण दाद मागण्याची जागाही आहे. म्हणजे आपण जिथे जाऊ इच्छितो तिथे आपल्याला आधार वाटतो तो बहुसंख्य-अल्पसंख्य न पाहणाऱ्या कायद्याचा.

मग तसाच कायदा इथे का मागू नये? सच्चर समितीने 2006 मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली होती. तो आयोग अजून झालेला नाही. खासगी घरमालकाने धर्म पाहून दार लावले तर त्याला अडवणारा सर्वंकष कायदाही आपल्याकडे नाही. आणि समानता बाहेर मागताना ती घरातही द्यावी लागेल. मुलगा एकटा दोहाला गेला तर अभिमान आणि मुलगी नर्स म्हणून एकटी जर्मनीला निघाली तर बिरादरीची बैठक, हे दोन न्याय एकत्र चालणार नाहीत.

निघणाऱ्यांसाठी काही रोखठोक गोष्टी. एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते. नियमानुसार त्याला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. पावती मागा. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट ईसीआर प्रकारचा असतो आणि आखातात नोकरीला जाण्यासाठी त्यावर मंजुरी लागते. ती टाळण्यासाठी ‘व्हिजिटवर जा, तिकडे बघू’ असे कोणी म्हणाले तर तिथूनच परत फिरा. करारातला पगार, कामाचे तास आणि परतीचे तिकीट वाचल्याशिवाय सही करू नका. जमीन किंवा आईचे दागिने गहाण ठेवून निघू नका.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला 2010 च्या दुरुस्तीपासून मतदार म्हणून नोंदणी करता येते. मत द्यायला मात्र प्रत्यक्ष गावी यावे लागते. ईदची सुट्टी जुळवतो तसे हेही कधी जुळवावे. गावातल्या एका मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणाचा खर्च उचलावा. बंद बंगल्याला आणखी एक मजला चढवण्यापेक्षा ते केव्हाही मोलाचे.

जे राहणार आहेत त्यांनी स्वतःला मागे पडलेले समजू नये. शाळा व्यवस्थापन समितीत बसायला, ग्रामसभेत प्रश्न विचारायला, माहिती अधिकाराचा अर्ज करायला, वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात न्यायला कोणीतरी इथे लागतेच. गेलेला मित्र हे फोनवरून करू शकत नाही. जाणे हा निर्णय आहे, तसा राहणे हाही निर्णय असावा; नाइलाज असू नये. ज्या दिवशी आपल्या तरुणांना दोन्ही वाटा सारख्याच मोकळ्या असतील, त्या दिवशी विमानतळावरच्या फोटोचा हेवा वाटणार नाही. तोवर इथल्या हक्कांसाठीची लढाई जाणाऱ्यांची आणि राहणाऱ्यांची, दोघांचीही आहे.