गाळा देताना भीड नको

निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून दुकानाचा एखादा गाळा घ्यावा आणि त्याच्या भाड्यावर उत्तरायुष्य निश्चिंतपणे काढावे, असा विचार आपल्याकडील अनेक कुटुंबे करतात. विचार चुकीचा नाही. परंतु गाळा म्हणजे जणू दुसरे घरच, ही समजूत मात्र फार महागात पडते.

माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांनी डोंबिवलीतील आपला गाळा ओळखीच्या गृहस्थांना केवळ शब्दावर दिला. घरच्यासारख्या माणसाकडून कागद कसा करून घ्यायचा, ही भीड! पुढे भाडे थकले आणि ते गृहस्थ स्वतःस कायमचे भाडेकरू म्हणवू लागले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ अन्वये करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते; ते खोटे ठरविण्याचा भार मालकाने वाहायचा. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तेही मालकालाच! अनुज्ञप्ती कराराचे मुद्रांक शुल्क मात्र अवघे पाव टक्का आहे.

नोंदणी केली म्हणजेही सारे साधले असे नव्हे. मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन त्वरेने ताबा मिळविण्याची कलम २४ ची सोय केवळ निवासासाठी दिलेल्या जागेला आहे. दुकानदार हटला नाही, तर नेहमीच्या न्यायालयाची पायरी चढावी लागते. एकाच गाळ्यावर संसार चालविणाऱ्या वृद्धांना ही सोय नाकारण्यात कोणता न्याय आहे, हे मला उमगलेले नाही. शासनाने ती लहान मालकांना तरी द्यावी. तोवर अनामत रक्कम भरपूर घ्यावी आणि मुदत संपूनही जागा न सोडल्यास द्यावयाच्या भरपाईचे कलम करारात स्पष्ट लिहावे. बँका, तसेच एक कोटी वा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना या अधिनियमाचे संरक्षण नाही. म्हणून असा भाडेकरू मिळाल्यास थोडे कमी भाडेही पत्करावे.

घेणाऱ्यांनीही सावध असावे. मुंबईतील जुन्या चाळींतले गाळे पागडीने मिळतात. पागडी २००० सालापासून कायदेशीर आहे, पण तिने मिळतो तो भाडेहक्क, मालकी नव्हे. आणि मूळ मालकाच्या लेखी संमतीविना तोही डळमळीत. नव्या इमारतीत चटई क्षेत्रफळच विचारावे. २०१६ चा रेरा कायदा दुकानांनाही लागू आहे आणि कराराची नोंदणी होण्यापूर्वी विकासकाला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याखेरीज ताबा घेऊ नये.

त्या शिक्षकांचा दावा अद्याप न्यायालयात आहे. गाळ्याचा मालमत्ता कर दरवर्षी तेच भरीत आहेत.