काटकसर तिची, ठेव कुणाची?

महागाई वाढली की बायकांना काटकसरीचे धडे देणाऱ्यांना ऊत येतो. डाळ भिजवून शिजवा, धान्य वर्षाचं भरा, भाजी बाजार मोडताना घ्या, जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवा. या सल्ल्यांचा मला राग येतो, तो ते चूक आहेत म्हणून नव्हे. आपल्या आया-आज्या हे सगळं करतच आल्या. राग येतो तो पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून. असा वाचवलेला पैसा कुणाचा?

काटकसर म्हणजे श्रम. शिळ्या पोळीचा कुस्करा करायला, गहू निवडून उन्हात वाळवायला, दोन रुपये स्वस्त भाजीसाठी पलीकडच्या बाजारात चालत जायला बाईचा वेळ आणि पाठ लागते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. शिवाय पैसे कमी पडले की पहिली कात्री लागते ती तिच्या दुधाला, तिच्या औषधाला. त्याचं पान, चहा, मित्रांबरोबरचं बसणं मात्र ‘वरखर्च’. तो घरखर्चाच्या वहीत येतच नाही.

आमच्या बैठकीत एका बाईनं विचारलं, “वीस वर्षं मी घरखर्चातून पैसे वाचवून दिले, ते यांनी यांच्याच नावानं बँकेत टाकले. आता हे दुसरीकडे राहतात. त्यातलं माझं काय?” कायद्याच्या पुस्तकात या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. तिला पोटगी मागता येते, स्त्रीधन परत मागता येतं. पण संसार चालू असताना जमलेल्या पैशात बायकोचा आपोआप अर्धा वाटा, असा कायदा आपल्या महाराष्ट्रात नाही.

शेजारच्या गोव्यात आहे. तिथं १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कायद्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. इंग्लंडमध्ये १९४३ साली न्यायालयानं निकाल दिला होता, की घरखर्चातून बायकोनं वाचवलेली शिल्लक नवऱ्याचीच. १९६४ च्या कायद्यानं ती दोघांची, निम्मी-निम्मी ठरवली. आपल्याकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं आर्थिक कोंडी हीसुद्धा हिंसा मानली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोटगीच्या एका निकालात म्हटलं, की घर सांभाळणाऱ्या पत्नीला नवऱ्यानं पैशाचा आधार द्यावा, संयुक्त खातं उघडावं. चांगलंच आहे. पण हा उपदेश झाला. हक्क नव्हे.

“संसारात तुझं-माझं कशाला?” असं आपल्याला लगेच ऐकवलं जातं. पण सातबाऱ्यावर, घराच्या करारावर, ठेवीच्या पावतीवर कुणाचं तरी नाव असतंच. वाटणी केव्हाच झालेली आहे, फक्त ती एकतर्फी झालेली आहे. म्हणूनच बायका डाळीच्या डब्यात पैसे लपवतात. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा असे किती डबे उघडे पडले, ते आपण पाहिलं आहे. अडीअडचणीला जपून ठेवलेला पैसा एका रात्रीत सगळ्या घरासमोर आला.

मैत्रिणींनो, कायदा होईपर्यंत थांबायचं कारण नाही. घरखर्चाची वही ठेवायची तर त्यात सगळ्यांचा खर्च लिहायचा, त्याच्या वरखर्चासह. महिन्याची शिल्लक दोघांनी मिळून मोजायची आणि निम्मी आपल्या स्वतःच्या नावाच्या खात्यात टाकायची. पोस्टात महिना शंभर रुपयांपासून आवर्ती ठेव सुरू करता येते. खात्याचं पुस्तक आणि कार्ड आपल्या हातात असावं. नवऱ्याच्या ठेवीवर आपलं नाव वारस म्हणून आहे, यावर समाधान मानू नये. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. तो हयात असताना त्या पैशाला आपल्याला हात लावता येत नाही. बचत गटातून कर्ज काढताना ते कुणासाठी, फेडणार कोण, हेही गटात उघडपणे बोलायला हवं.

आणि संसारात जमलेल्या मालमत्तेत निम्म्या हिश्श्याची मागणी आपल्या संघटनांनी पुन्हा लावून धरायला हवी. तुमच्या गटात एकदा सगळ्याजणींनी मोजून पाहावं: घरात ठेवी किती, आणि त्यांतल्या आपल्या नावावर किती? आकडे आम्हाला जरूर कळवा.