ओटा, आई आणि अकरा सूचना



गेल्या वर्षी आम्ही तिघांनी (म्हणजे मी, बायको आणि बँक) पुण्यात फ्लॅट घेतला. त्यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे स्वयंपाकघरातला काळाभोर ग्रॅनाइटचा ओटा. चेहरा दिसतो हो त्यात! आता इंजिनिअर माणूस, त्यात ईएमआय नुकताच सुरू झालेला. एक अख्खा शनिवार घालवून मी ओटा जपण्याच्या अकरा सूचना टाइप केल्या, प्रिंटआउट काढली आणि फ्रिजवर चिकटवली. गरम भांडं ठेवू नये. लिंबू कापू नये. काही कुटू नये. वगैरे वगैरे. बायकोने वाचून एवढंच विचारलं, "स्वयंपाक करू नये, हे बारावं राहिलं का?"

मी अर्थातच दुर्लक्ष केलं.

दिवाळीत आई आली. एके दिवशी सकाळी उठून बघतो तर ही बाल्कनीत जमिनीवर पेपर पसरून बसलेली, समोर खलबत्ता, दाण्याचं कूट चाललंय. "अगं आई, इथे काय करतेस?" तर म्हणाली, "तुझा दगड महागाचा आहे रे बाबा. माझ्या हातून काही झालं म्हणजे?"

स्वरात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी पहिल्यांदा हा दगड नक्की आहे तरी काय ते वाचायला बसलो. (हे काम सूचना लिहायच्या आधी करायचं असतं, पण असो. आमच्या ऑफिसातही कोड आधी आणि रिक्वायरमेंट नंतरच येते.)

आमच्या ओट्यात बारीक सोनेरी ठिपके आहेत. हा 'ब्लॅक गॅलेक्सी', आंध्र प्रदेशात ओंगोलजवळच्या चिमकुर्तीच्या खाणींतला. दुकानदार त्याला ग्रॅनाइट म्हणतो, पण भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने तो ग्रॅनाइट नाहीच! तो गॅब्रोच्या जातीचा. आणि गॅब्रो म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या बसॉल्टचा सख्खा चुलतभाऊ. रसायन जवळपास तेच. बसॉल्टचा लाव्हा जमिनीवर येऊन भराभर थंड झाला, गॅब्रो जमिनीखाली खोलवर सावकाश थंड होत बसला, एवढाच फरक.

म्हणजे गावच्या घरातला आमचा काळा पाटा आणि माझा ओटा एकाच भावकीतले. त्या पाट्यावर आईने वर्षानुवर्षं मिरच्या, चिंच, मीठ, खोबरं वाटलं. वर टाकीवाली येऊन त्याला ठोकून जायची ती वेगळीच. पाट्याला कुणी प्रिंटआउट चिकटवली नव्हती.

माझी यादी तपासली तेव्हा लक्षात आलं की निम्मे मुद्दे भलत्याच दगडाचे होते. लिंबू आणि व्हिनेगर खातं ते संगमरवराला आणि कडप्प्याला, कारण त्यांच्यात कॅल्शियम कार्बोनेट असतं. गॅब्रोला लिंबाने काही होत नाही, सांडलं तर पुसून घ्यावं एवढंच. सुरीचं म्हणाल तर मोसच्या काठिण्य मापनावर सुरीचं पोलाद साधारण साडेपाच आणि या दगडातलं फेल्डस्पार सहा. म्हणजे थेट ओट्यावर भाजी चिरली तर बोथट होणार ती सुरी. गरम पातेल्यानेही सहसा बिघडत नाही. तरी अडणी वापरावी, कारण आधीच बारीकशी चीर असेल तर एकदम बसलेल्या चटक्याने ती वाढू शकते.

मग खरे शत्रू कोण? माझ्या मते तीन.

पहिला म्हणजे आपली साफसफाई. टँकरच्या जड पाण्याने नळाभोवती पांढरे डाग पडतात आणि ते घालवायला लोक बाथरूमचं ॲसिड आणतात. डाग जातो आणि पॉलिशही जातं. त्यापेक्षा रोज रात्री ओटा कोरड्या फडक्याने पुसला तर डाग पडतच नाही.

दुसरा म्हणजे तेल. थोडं पाणी टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा. खालचा दगड गडद झाला तर तो पाणी पितोय, म्हणजे तेलही पिणार. त्याला सीलर लावून घ्या. तेलाचा डाग पडलाच असेल तर खायच्या सोड्याचा पाण्यात कालवलेला लेप जाडसर थापायचा, वर प्लास्टिक झाकून एक दिवस ठेवायचा.

तिसरा आणि सगळ्यात मोठा म्हणजे वजन, तेही चुकीच्या जागी. दगड दाबाला जबरदस्त, पण वाकायला लागला की संपला. काँक्रीटमध्ये सळ्या घालतात त्या याचसाठी. सिंकसाठी लादी कापली की पुढे-मागे जेमतेम चार बोटांची पट्टी उरते. ओट्याचा सगळ्यात नाजूक भाग तो.

हे सगळं वाचून झालं आणि जानेवारीत मी काय केलं? ट्यूबलाइट बदलायला ओट्यावर चढलो. एक पाय बरोब्बर सिंकच्या पट्टीवर. कट्! वीतभर तडा.

अकरा सूचनांत 'ओट्यावर उभं राहू नये' ही सूचनाच नव्हती. कशी असेल? यादी मी आई, बायको आणि कामाला येणाऱ्या मावशी यांच्यासाठी केली होती. स्वतःला त्यात धरलंच नव्हतं. ज्यांनी तो ओटा रोज वापरला, पुसला, त्यांच्यावर संशय, आणि महिन्यातून चारदा मॅगी करणारा मी निर्दोष!

आपल्या आधीच्या पिढीने टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक घातलं म्हणून आपण हसलो. पण त्यांनी निदान माणसांना रिमोटची भीती घातली नव्हती. वस्तू जरूर जपा. पण ती कशाने बिघडते हे आधी समजून घ्या, आणि घरातलं माणूस तिला हात लावायला बिचकतंय असं दिसलं तर नियम बदला.

मिस्त्रीने इपॉक्सी भरून खालून आधार दिला. बारीक रेघ दिसते अजून. आईला फोन करून सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "तू पडला नाहीस ना?"

फ्रिजवरचा कागद त्याच दिवशी काढला. मे महिन्यात आई परत येतेय. ओट्याखाली जिथे कडप्प्याची उभी फळी आहे, बरोबर तिच्यावर टॉवेलची घडी घालून खलबत्त्याची जागा केली आहे. कुटू दे काय कुटायचं ते.

चला, रात्री ओटा पुसायची पाळी आता माझी असते.